दया, दरवाजा ठोठाव!

शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर कामाचं बोलायचं नाही, असा आमच्या ऑफिसात अलिखित नियम आहे. परवा त्या टेबलावर सिनेमाचा विषय निघाला. आमच्या टीममधला सगळ्यांत लहान मुलगा (वय २४, डबा आईचा, मतं स्वतःची) एकदम म्हणाला, "सर, आता सीआयडीचा पिक्चर यायला पाहिजे. मालिका बास झाली. फुल ऍक्शन पिक्चर. हेलिकॉप्टर-बिलिकॉप्टर."

झालं. पुढच्या वीस मिनिटांत टेबलाने तो पिक्चर काढून, रिलीज करून, तीनशे कोटींच्या पार नेऊन ठेवला. दयाच्या जागी कोण, अभिजीतच्या जागी कोण, एसीपी प्रद्युम्नसाठी दक्षिणेतला कुठला हीरो आणायचा, सगळं ठरलं. पहिल्या पाच मिनिटांत तीन दरवाजे तुटणार. शेवटचा दरवाजा विमानाचा, तोही विमान हवेत असताना.

मी गप्प होतो. तोंडात भेंडीची भाजी होती हे एक कारण. मग कोणीतरी डिवचलं, "तुम्ही तर कट्टर सीआयडीवाले ना? बोला की काहीतरी!" मी म्हटलं, "माझं मत विचाराल तर हा पिक्चर कोणी काढू नये." टेबलावर शांतता. "का?" इति २४ वर्षांचा मुलगा. तेवढ्यात दोनची मीटिंग सुरू झाली आणि माझं उत्तर राहिलं ते राहिलंच. ते आज शनिवारी सकाळी, चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर लिहून काढतोय. मोठं आहे. वेळ नसेल तर नंतर वाचा, पण वाचा.

आधी माझी बाजू स्पष्ट करतो, नाहीतर म्हणाल हा कोण शहाणा. मी सांताक्रूझ पूर्वेचा, वाकोल्याचा. लहानपणी आमच्याकडे मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' बघितलं जायचं. शंभर नंबर, म्हणजे पोलिसांचा नंबर, तेच मालिकेचं नाव. मुंबई पोलिसांच्या तपासांवर बेतलेल्या गोष्टी. बी. पी. सिंग यांचं काम, आणि पडद्यावर शिवाजी साटम. साटम तेव्हा बँकेत नोकरी करून नट झालेले गृहस्थ, आणि दिसायचेही तसेच. आमच्या बिल्डिंगमधले दुसऱ्या मजल्यावरचे काका पोलिसात असते तर असेच दिसले असते. ते धावायचे नाहीत फारसे. विचारायचे. परत विचारायचे. समोरचा माणूस चहा पीत काहीतरी खोटं बोलायचा आणि आम्हाला घरी बसून कळायचं की हे खोटं आहे, पण कुठे आहे ते कळायचं नाही.

त्याच दोघांनी पुढे 'सीआयडी' केली. सोनीवर २१ जानेवारी १९९८ ला पहिला भाग, २७ ऑक्टोबर २०१८ ला (तेव्हा तरी) शेवटचा. वीस वर्षं, दीड हजारांहून जास्त भाग. नोव्हेंबर २००४ मध्ये त्यांनी १११ मिनिटांचा अख्खा भाग एकाही कटशिवाय, एका दमात चित्रित करून दाखवला होता, तो आमच्याकडे पाहुण्यांसकट सगळ्यांनी बसून बघितला. डिसेंबर २०२४ मध्ये मालिका परत सुरू झाली तेव्हा मी पहिला भाग बायकोला न सांगता ऑफिसातून लवकर येऊन बघितला. तर माझ्या निष्ठेबद्दल शंका नको.

आता मुद्द्यावर येतो.

सीआयडीचा एक भाग उघडून बघा. इंजिनियर लोकांनी जरा रचना म्हणून बघा. प्रेत सापडतं. टीम येते. एक जण प्रेताजवळ, एक जण खिडकीजवळ, एक जण शेजाऱ्यांकडे. फ्रेडरिक्स काहीतरी येडपटासारखं बोलतो (दिनेश फडणीस २०२३ च्या डिसेंबरमध्ये गेले, तेव्हा मला घरचं माणूस गेल्यासारखं झालं होतं). मग डॉ. साळुंखेंची प्रयोगशाळा, तिथे एसीपींबरोबर भांडण, भांडणातून एक दुवा. पहिला संशयित चुकीचा. दुसराही चुकीचा. मग अशी एक फालतू वस्तू, एखादं बटण नाहीतर पावती, जिच्याकडे पहिल्या पाच मिनिटांत कोणी बघितलं नव्हतं. तिच्या मागे जात जात टीम एका बंद दरवाजापाशी पोचते. आणि तेव्हा, तेव्हाच, एसीपी म्हणतात, "दया, दरवाजा तोड दो."

म्हणजे दरवाजा तुटायच्या आधी चाळीस मिनिटं सहा-सात माणसं राबलेली असतात. तो दरवाजा कुठला, हे शोधणं हीच गोष्ट आहे. एकदा सापडल्यावर तोडायचं काम तर दयानंद शेट्टीच्या खांद्याचं. (हे गृहस्थ थाळीफेकपटू होते. खांदा खरा आहे.)

आता २०१४ ला या. १५ ऑगस्टला 'सिंघम रिटर्न्स' आला. आम्ही ऑफिसची दहा-बारा टाळकी अंधेरीच्या एका मल्टिप्लेक्समध्ये. पिक्चरमध्ये दयानंद शेट्टी, नाव इन्स्पेक्टर दया. एक बंद दरवाजा येतो. अजय देवगण वळून म्हणतो तेच वाक्य. आणि थिएटर अक्षरशः फुटलं. शिट्ट्या, आरोळ्या, मागच्या रांगेतल्या एका माणसाने पॉपकॉर्न उधळले. मीपण शिट्टी मारली. खोटं कशाला बोलू? अंगावर काटा आला होता.

घरी आल्यावर आठवून बघितलं, की तो दरवाजा कुठल्या पुराव्यामुळे सापडला? डोक्यात काही येईना. कारण तो दरवाजा तपासातून आलेला नव्हता, आमच्या आठवणीतून आलेला होता. वीस वर्षांच्या मालिकेतून एक वाक्य आणि एक खांदा उचलून नेला होता, चाळीस मिनिटं मागेच राहिली होती. आणि त्याच पिक्चरचा शेवट आठवतोय? आरोपी पकडले जातात, पण खटल्यापर्यंत पोचत नाहीत. पोलिसांच्या व्हॅनमध्ये असतानाच त्यांचा 'अपघात' होतो. आम्ही त्यालाही टाळ्या वाजवल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुन्या मालिकेचा ऍक्शनपट करताना पहिला बळी तपासाचा जातो, आणि तपास गेला की टीमचं काम उरत नाही. उरतो एक हीरो आणि एक मरायला तयार असलेला व्हिलन. ही चूक एखाद्या दिग्दर्शकाची नाही, ते गणितच तसं आहे. स्टार एकच असतो, त्याच्या नावावर पैसा उभा राहतो. मग सहा जणांनी मिळून काढलेला निष्कर्ष त्याला एकट्याला सुचायला लागतो. आणि शेवट मोठा लागतो. कागदपत्रं भरून आरोपीला कोर्टात हजर केलं, हा शेवट आयमॅक्सवर कसा दिसणार?

पुरावा हवा असेल तर अमेरिकेत जाऊ. 'मिशन: इम्पॉसिबल' ही मुळात १९६६ ते १९७३ ची टीव्ही मालिका. तिचा आत्मा म्हणजे टीम. एक जण वेषांतरवाला, एक यंत्रांचा माणूस, एक पहिलवान. प्रत्येकाने आपलं छोटं काम वेळेवर करायचं आणि मारामारी शक्यतो टाळायची. १९९६ ला टॉम क्रूझचा पिक्चर आला. पहिल्या अर्ध्या तासात काय होतं? टीम मरते. प्रागमध्ये, एकेक करून. आणि मालिकेत वर्षानुवर्षं टीमचा प्रमुख असलेला जिम फेल्प्स पिक्चरमध्ये गद्दार निघतो! मालिकेत ते काम करणाऱ्या पीटर ग्रेव्हजने पिक्चरमध्ये काम करायला नकार दिला होता. मालिकेतला यंत्रांचा माणूस, ग्रेग मॉरिस, पिक्चर अर्धवट टाकून थिएटरमधून उठून गेला होता. मला तो पिक्चर आवडतो, पुढचेही आवडतात. पण एका माणसाला उभं करण्यासाठी बाकीच्यांना आधी मारावं लागलं, हे विसरू नका.

आपल्याकडे 'शक्तिमान'चं तेच होऊ घातलंय. १९९७ ते २००५ दूरदर्शनवर चाललेली मालिका. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सने तिच्यावर चित्रपटांची घोषणा केली, तेव्हापासून सगळी चर्चा शक्तिमान कोण होणार याचीच. गंगाधर कोण होणार, हे कोणी विचारलं का? तो चष्मा लावलेला, पुढे दात आलेला, बॉसच्या शिव्या खाणारा गंगाधर? आणि मालिकेच्या शेवटी मुलांनी चूक कबूल करून "सॉरी शक्तिमान" म्हणायचं, त्याचं काय करणार? स्पेशल इफेक्ट्स हास्यास्पद होते हे मान्य. पण आम्ही हसून परत बघायचो ते त्या गिरक्यांसाठी थोडंच?

आता तुमचा आक्षेप मला ऐकू येतोय. "सर, सीआयडी काय वास्तववादी होती की काय? साळुंखे दोन मिनिटांत डीएनए काढतात. दया कानाखाली वाजवतो आणि गुन्हेगार धडाधड कबूल करतो. एसीपी परस्पर फाशी जाहीर करतात."

एकदम मान्य. उलट मी आणखी भर घालतो. पोलिसासमोर दिलेली कबुली आपल्याकडे कोर्टात पुरावा म्हणून चालतच नाही. आधी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३. म्हणजे दयाच्या त्या सुप्रसिद्ध थपडेची कायदेशीर किंमत शून्य. हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे, आणि तो का करावा लागला हे सांगायला नकोच. त्यामुळे आमच्या पिढीने त्या थपडेवर टाळ्या वाजवल्या त्याची शरम मलाही वाटते.

पण एक फरक आहे. मालिकेत थप्पड येते तेव्हा पुरावा आधीच टेबलावर असतो. बटण सापडलेलं, पावती जुळलेली. ताटात वरण-भात वाढून झालाय, थप्पड म्हणजे कडेचं लोणचं. वाईटच, पण कडेला. ऍक्शनपटात ताटभर लोणचंच वाढतात. आणि आपण ते खातो, वर बोटं चाटतो.

"पण शेवटी करमणूकच ना? एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" हा दुसरा आक्षेप. त्यासाठी तुम्हाला माझ्या घराजवळ आणतो.

वाकोल्याहून बीकेसीकडे रिक्षाने निघालात की हंस भुग्रा मार्ग लागतो. विद्यापीठाच्या कलिना संकुलाच्या भागात. तिथे राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचं संचालनालय आणि मुंबईची प्रयोगशाळा आहे. खऱ्या डॉ. साळुंखेंचं ऑफिस म्हणा ना. मी तिथून शेकडो वेळा गेलोय आणि त्यातले पहिले काहीशे वेळा मला ती इमारत काय आहे हेच माहीत नव्हतं. सरकारी इमारत, झाडं, गेट. कधीतरी गेटपाशी गावाकडून आलेला एखादा हवालदार दिसतो. हातात कापडात शिवलेलं, लाखेचं सील मारलेलं पुडकं. मुद्देमाल! त्या पुडक्यात कोणाचा तरी रक्ताचा शर्ट असेल, कोणाचा व्हिसेरा असेल, नाहीतर एखादी गोळी. तो हवालदार ते पुडकं मांडीवर घेऊन एसटीने, लोकलने आलेला असतो. ते सील वाटेत तुटलं तर बचावाचा वकील कोर्टात केसच्या चिंधड्या करणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

याच कलिनाच्या प्रयोगशाळेने २६/११ नंतर काम केलं. 'कुबेर' बोटीवर जे कपडे-वस्तू सापडल्या, त्यांवरच्या घामाच्या डागांतून डीएनए निघाला आणि तो कसाबशी आणि त्याच्या साथीदारांशी जुळला. समुद्रातून आलेली माणसं हीच, हे सिद्ध करायला घाम उपयोगी पडला. खटला झाला, ६ मे २०१० ला शिक्षा झाली, ती उच्च न्यायालयात टिकली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली, आणि मग नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्याला फाशी.

आणि हे सगळं शक्य का झालं? कारण त्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी, हातात फक्त लाठी असताना, कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, नळी सोडली नाही, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी कसाबला जिवंत पकडलं. जिवंत, हा शब्द मी मुद्दाम परत लिहितोय. मुंबई पोलिसांच्या इतिहासातला मला माहीत असलेला सगळ्यांत मोठा पराक्रम एका आरोपीला जिवंत पकडण्याचा आहे. त्यांना २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगतो. रात्री दोन वाजता सर्व्हर कोसळला तर आपण पहिली गोष्ट काय करतो? लॉग जपतो. कोणी घाईघाईत लॉगच उडवून "झालं, सिस्टिम परत चालू" म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी आपण त्याचं काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. आरोपी हा तपासाचा लॉग असतो. कोणी पाठवलं, पैसे कोणी दिले, आधी असं कितीदा केलं, आणखी कोण होतं, हे सगळं त्याच्यात लिहिलेलं असतं. आणि मुळात माणूस बरोबर पकडलाय का, हेही तिथेच कळतं. ओंबळेंनी लॉग वाचवला. पडद्यावरचे आपले हीरो तो उडवतात आणि आपण शिट्ट्या मारतो.

६ डिसेंबर २०१९ ची सकाळ आठवा. हैदराबादच्या पशुवैद्यक मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांनी पहाटे 'एन्काउंटर'मध्ये मारले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर तर दिवाळी. मीपण तीन टाळ्या टाकल्या. वर्षभर आधी 'सिम्बा' आला होता, त्यात पोलीस स्टेशनमध्येच बलात्काऱ्यांचं एन्काउंटर होतं, आणि कोणीतरी ग्रुपवर लिहिलंही होतं, "सिम्बा स्टाइल!" पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने चौकशी केली. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आपल्या विदर्भाचे. मे २०२२ मध्ये अहवाल बाहेर आला. गोळीबार मुद्दाम, जीव घ्यायच्या हेतूने केला गेला, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा, असं त्यात म्हटलं होतं. आयोगाच्या मते मारल्या गेलेल्या चौघांपैकी तिघं घटनेच्या वेळी अल्पवयीन होते.

अहवालाची बातमी वाचून मी ग्रुपवर मागे मागे जाऊन माझा तो मेसेज शोधला. तीन टाळ्या. तारीख, वेळ, सगळं होतं. त्या चौघांनी ते भयंकर कृत्य केलं होतं की नाही, हे आता कुठल्याच कोर्टात कधीच ठरणार नाही. त्या मुलीच्या आईवडिलांनाही ते कोर्टाच्या निकालपत्रात वाचायला मिळणार नाही. आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या.

लांब कशाला, आपलं बदलापूर घ्या. शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराचा आरोपी २३ सप्टेंबर २०२४ ला पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला. व्हॅन! दुसऱ्या दिवशीपासून मुंबईत 'बदला पूरा'चे बॅनर. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयापुढे आला. त्यात पाच पोलिसांना या मृत्यूसाठी जबाबदार धरलं होतं. त्याने पिस्तूल हिसकावलं असं सांगितलं गेलं होतं, पण पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे मिळाले नव्हते. ही गोष्ट कशी कळली? न्यायवैद्यक अहवालातून. म्हणजे बघा, ज्या रटाळ सीनला थिएटरात लोक समोसे आणायला उठतात, तोच सीन प्रत्यक्षात आपल्याला खरं सांगत होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका जाहीर भाषणात थेट 'सिंघम'चं नाव घेतलं होतं. अशा सिनेमांतून घातक संदेश जातो, कायद्याच्या प्रक्रियेबद्दल लोकांना धीर राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा बऱ्याच जणांनी "न्यायाधीशांना आता सिनेमापण खटकायला लागले" म्हणून चेष्टा केली. पण त्या पहिल्या 'सिंघम'चा (२०११) शेवट काय आहे? अख्खं पोलीस खातं जयकांत शिक्रेच्या घरी जातं, तो मरतो, आणि खटला नावाची गोष्ट पिक्चरमध्ये उरत नाही. सिनेमा बघून कोणी लगेच पिस्तूल उचलत नाही, हे मलाही कळतं. सिनेमाने होतं ते इतकंच की बातमी आल्यावर आपण काय विचारायचं, हे आधीच ठरून गेलेलं असतं. 'एक शून्य शून्य' बघून वाढलेल्या माणसाने "ठसे मिळाले का?" असं विचारायला हवं होतं. मी २०१९ ला तीन टाळ्या टाकल्या. म्हणजे लहानपणीच्या साटमांपेक्षा २०१४ ची शिट्टी जास्त खोलवर गेली होती.

"पण सर, खटले वीस वीस वर्षं चालतात, लोकांनी काय करायचं?" हा शेवटचा आक्षेप, आणि हाच सगळ्यांत खरा. लोक चिडतात ते उगाच नाही. प्रयोगशाळांतल्या रिकाम्या जागा आणि तुंबलेली प्रकरणं हे विषय आपल्या उच्च न्यायालयात पुन्हा पुन्हा आलेले आहेत. त्यात जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्याने, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं सक्तीचं केलंय. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. चांगली गोष्ट. पण म्हणजे कलिनाच्या गेटवर पुडकी वाढणार. तिथे माणसं किती, यंत्रं किती, अहवाल किती दिवसांत मिळतो, हे विचारायला कोणाचा मोर्चा गेलाय का कधी? आपण एन्काउंटरनंतर फुलं घेऊन धावतो. प्रयोगशाळेत माणसं भरा म्हणून एक साधा अर्ज करत नाही. उशीर होतो म्हणून तपासच नको, हे म्हणजे टेस्टिंगला वेळ लागतो म्हणून थेट प्रॉडक्शनवर टाकण्यासारखं आहे. ते करून शनिवार-रविवार ऑफिसात काढलेली मंडळी इथे वाचक म्हणून बरीच आहेत, त्यांना जास्त सांगत नाही :-)

असो. नुसती टीका करून पळून जाणं बरं नाही, म्हणून मला कुठला पिक्चर बघायला आवडेल तेही सांगतो.

रायगड जिल्ह्यातलं एक छोटं पोलीस ठाणं. एक मयत. सगळ्या गावाला गुन्हेगार कोण ते 'माहीत' आहे. चौकात बॅनर लागलेत, आमदारांचा फोन येऊन गेलाय, बाहेर जमाव आहे. एक म्हातारा हवालदार लाखेचं सील मारलेलं पुडकं घेऊन कलिनाला निघतो. पावसाळा आहे. गाड्या बंद, मिलन सबवे तुंबलेला, नेहमीसारखा. कोणाला तरी ते पुडकं पोचू द्यायचं नाहीये. सील तुटलं की संपलं. हवी तेवढी ऍक्शन घाला त्यात, हवा तर पाठलाग घाला वाकोल्याच्या पुलावरून. तो पोचतो. चार माणसं चार दिवस काम करतात. आणि अहवालात निघतं की गावाला जो 'माहीत' होता तो माणूस तो नव्हेच.

मग टीम खऱ्या माणसाच्या दारात उभी राहते. हातात वॉरंट आहे, आत माणूस आहे, तो कुठे पळत नाहीये. एसीपी बोटं फिरवतात, त्यांच्या त्या स्टाइलमध्ये, आणि म्हणतात, "दया, दरवाजा ठोठाव."

त्या सीनला शिट्टी मारायला मी पहिल्या दिवशी पहिल्या शोला येईन. तिकिटं टेबलावरच्या सगळ्यांची, माझ्याकडून.

ता. क. : ग्रुपवरचा तो तीन टाळ्यांचा मेसेज मी अजून डिलीट केलेला नाही. लॉग आहे तो. राहू दे.